किल्ली मागायला कोण येणार

आई, आपल्या पहिल्या फ्रिजला कुलूप होतं, ते तुला आठवतं का? दाराच्या मुठीखाली एक चपटं भोक आणि त्यात घालायची एवढीशी किल्ली. फ्रिजला कुलूप कशासाठी, हे मला त्या वयात कळलं नव्हतं आणि आज याच जातीच्या धंद्यात पडल्यावरही कळलेलं नाही. बाबांना मात्र त्या किल्लीचा केवढा अभिमान. सोसायटीतला पहिला फ्रिज आपला, म्हणून आल्या-गेल्याला दार उघडून आतला दिवा दाखवायचे आणि मग कुलूप लावून किल्ली देवघराच्या खिळ्याला अडकवायचे. थोड्याच दिवसांत तू ती किल्ली कुलपातच ठेवायला लागलीस, कारण पलीकडच्या काकांच्या इन्सुलिनच्या बाटल्या आपल्या फ्रिजच्या दारात, लोण्याशेजारी येऊन राहिल्या होत्या. काका एकटे राहत, त्यांच्याकडे फ्रिज नव्हता आणि त्यांचा हात थरथरायचा. रोज सकाळी ते स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन खाकरतात, तू ‘या’ म्हणतेस, आणि गॅसवरच्या छोट्या पातेल्यात त्यांची काचेची सिरिंज उकळत ठेवतेस. त्या पातेल्यात आपण दुसरं काही करत नव्हतो. काका पाटावर बसून आपल्याकडे पाठ करून सुई टोचून घ्यायचे, आणि मग तू त्यांना पोळी वाढायचीस, की आता पोटात काही गेलंच पाहिजे. फोडणी आणि स्पिरिट यांचा एकत्र वास आला की मला अजून शाळेचा अभ्यास आठवतो.

बाबांना ते आवडत नव्हतं. वाईट माणूस म्हणून नाही, ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. संस्थानच्या फौजेतल्या माणसांचं घराणं, प्रत्येक गोष्टीला जागा आणि प्रत्येक माणसाला वेळ. परक्या माणसानं रोज सकाळी आपल्या स्वयंपाकघरात येऊन बसावं, हे त्यांच्या कवायतीत बसत नव्हतं. आणि मग करजणचं ते लग्न. पंगतीत बसल्यावर तू सहज बोलून गेलीस की घराची किल्ली काकांकडे देऊन आलेय. बाबांचा हात भातावरच थांबला. चारचौघांत आवाज चढवायचा नाही म्हणून ते हळूच म्हणाले, “घर आहे की धर्मशाळा?” तू त्यांच्या पानाकडे बघत म्हणालीस, “त्यांचं औषध आपल्या घरात आहे. मग किल्ली त्यांच्याकडे नको?” बाबांनी भात कालवायला घेतला. पण त्याच आठवड्यात एके सकाळी फ्रिजला कुलूप होतं आणि किल्ली ना कुलपात ना खिळ्याला. बाबा ती खिशात घालून रावपुऱ्याला ऑफिसात निघून गेले होते. चुकून गेली, असं ते आजही म्हणतात. काका दाराशी उभे, पातेल्यात सिरिंज उकळतेय, आणि तू फ्रिजच्या बंद दाराकडे बघतेस. मग गॅस बंद केलास, साडीही न बदलता माझं मनगट धरलंस आणि रिक्षा केलीस. त्या मोठ्या हॉलमध्ये टेबलांच्या रांगांमधून तू सरळ बाबांच्या टेबलापाशी गेलीस आणि हात पुढे केलास. आजूबाजूच्या माना वर झाल्या. बाबांनी खिशातून किल्ली काढून तुझ्या तळहातावर ठेवली, आणि ती परत कधी फ्रिजच्या कुलपातून निघाली नाही.

हे सगळं आज सांगायचं कारण असं की आता मी कुलपं बनवते. तू गेलीस तेव्हा मी कॉलेजात होते, आता माझं वय तुझ्यापेक्षा जास्त झालंय. मकरपुऱ्याच्या एका कंपनीत मी घरात वापरायची आरोग्याची यंत्रं डिझाइन करते, म्हाताऱ्या माणसांसाठी, ज्यांचं दुखणं बरं होणार नाही पण सांभाळता येतं अशांसाठी. दंडाला बांधायचा रक्तदाबाचा पट्टा, बोटाला लावायचा चिमटा आणि वजनकाटा, असा एक संच आहे. सकाळी माणसानं माप घेतलं की आकडा मुलांच्या फोनवर आणि डॉक्टरांकडे जातो. काही बिघडतंय असं वाटलं तर फोन वाजतो. कागदावर किती छान दिसतं, नाही? ट्रायलसाठी काही घरं हवी होती, तेव्हा मी पहिलं आपलं घर दिलं. बाबांचं हृदय अशक्त झालंय. अंगात पाणी साठतं, पाय सुजतात, दारासमोरच्या ओटल्यापर्यंत चालत गेले की बसावं लागतं. वजन दोन दिवसांत भराभर वाढलं, तर ती चरबी नसते, पाणी असतं, आणि त्यावरून आधीच कळतं. म्हणून रोजचा आकडा खरा हवा. आमच्या यंत्राचं सगळं त्या एका आकड्यावर उभं आहे.

आणि आपल्या घरचे आकडे वेड्यासारखे यायला लागले. सकाळी दाब बेताचा, दुपारी आकाशाला भिडलेला, दहा मिनिटांनी पुन्हा खाली. वजन तर असं की बाबा जेवणाआधी सडपातळ आणि जेवणानंतर पैलवान. ऑफिसात माझी चेष्टा सुरू झाली. मी पट्टा बदलला, काटा उघडून सेन्सर नवा बसवला, आकडे पाठवणारा डबा उघडून टेबलावर पसरला. बाबा शेजारी बसून अगदी निरागस चेहऱ्यानं बघत होते. मग एकदा कंपनीत वीज गेली आणि आम्हाला दुपारीच घरी सोडलं. बसमधून उतरून मी आपल्या गल्लीत वळले, तर आपल्या ओटल्यावर ही गर्दी. बाबा खुर्चीत, चष्मा नाकावर, समोर स्टुलावर आमचा संच. समोरच्या घरातल्या गुजराती मासीच्या दंडाला पट्टा, तिच्यामागे तिचे मिस्टर, त्यांच्यामागे कोपऱ्यावरच्या घरातली दोघं, आणि ढकलत आणलेली भाजीची लारी बाजूला लावून भाजीवालीसुद्धा. बाबा हुकूम देत होते, बोलायचं नाही, पाय जमिनीवर, हात सैल. पुन्हा मोजून हवं म्हणून मासी बाबांना म्हणत होती, “काका, फरी एक वार जोई आपो ने,” आणि बाबा म्हणत होते, “थांबा बेन, पाच मिनिटं शांत बसा, मग.” इतका ताठ बसलेला माझा बाप मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. आम्ही सगळे शिकलेले लोक एका यंत्रासमोर एक म्हातारा धरून चाललो होतो. आपल्या गल्लीत ब्लडप्रेशरचं मशीन आलं, की ते एका माणसाचं कसं राहील? फ्रिज राहिला होता का?

मला हसू आलं होतं, ते सांगायला हवं. बाबांना मी फक्त एवढंच म्हटलं की बाबा, आधी तुमचं माप घेत जा, मग बाकीच्यांचं. ते हो म्हणाले. पण यंत्राला आधी आणि नंतर कळत नाही, त्याला सगळेच बाबा. त्यांच्या पायात पाणी चढत होतं आणि काट्यावर ते मासीच्या मिस्टरांच्या पोटात हरवून जात होतं. फोन इतक्या वेळा उगाच वाजला होता, की खरा वाजला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते आणि बोटानं आवाज बंद केला. संध्याकाळी बाबांना खुर्चीतून उठता येईना, श्वास तोंडानं घेत होते. दवाखान्यात काही दिवस काढले. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून शांतपणे सांगितलं की बेन, पुन्हा असं झालं तर वेळ मिळेलच असं नाही. यंत्र ठेवायचं तर त्यावर फक्त यांचा आकडा हवा.

तेव्हापासून मी कोंडलेली आहे, आई. ते साध्या शब्दांत सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. लोक म्हणतात, किती करतेस वडिलांचं, आणि मी मान हलवते. फोन उशाशी असतो, न्हाणीघरात साबणाशेजारी असतो, देवळात गेले तरी हातात असतो. पुण्याहून चांगली नोकरी चालून आली होती, तिला मी बसच्या रांगेत उभ्या उभ्याच नाही म्हणून टाकलं. सकाळचा आकडा यायला जरा उशीर झाला की मी मकरपुऱ्यातून घरी फोन लावते. आकडा चांगला आला की उद्याचा आहेच. बाबा घरात कोंडलेले आणि मी फोनमध्ये, आणि दोघांच्या कड्या मीच बसवलेल्या. कधी कधी वाटतं, हा फोन वाजायचा एकदाचा थांबावा. मग लगेच लक्षात येतं की तो कधी थांबेल, आणि मी स्वतःलाच इतकी घाबरते की घरी जाऊन बाबांसाठी उगाच शिरा करते. त्यांना साखर चालते, मीठ चालत नाही.

तर मी कुलूप केलं. यंत्रावर आधी अंगठा ठेवायचा, तो ओळखीचा असेल तरच पट्टा फुगेल आणि काटा चालेल. मी साहेबांना सुचवलं होतं की पाहुण्यांसाठी एक वेगळं बटण ठेवू, ती मापं कुठे जायची नाहीत. साहेब भला माणूस आहे, पण म्हणाला, पाहुण्याचा दाब वाईट निघाला आणि त्याला घरी जाऊन काही झालं, तर जबाबदार कोण? एक यंत्र, एक माणूस. यंत्र बोलतं, कारण म्हाताऱ्यांना अक्षरं दिसत नाहीत. ट्रायलच्या यंत्रांसाठी बाहेरून आवाज कशाला आणायचा, म्हणून ऑफिसातल्याच लोकांचे आवाज घेतले. मराठी आणि गुजराती दोन्ही येणारी मीच होते. एका छोट्या खोलीत बसून, साहेबांनी मंजूर केलेली वाक्यं मी स्वच्छ उच्चारात वाचली. पट्टा नीट बांधा. हात सैल सोडा. आणि अनोळखी अंगठ्यासाठी एक वाक्य, “आ मशीन तमारा माटे नथी.” हे मशीन तुमच्यासाठी नाही. वाचताना मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही, उलट आवाज सौम्य आला म्हणून मी खूश होते.

बाबा दवाखान्यातून आल्यावर मासी समाचाराला आली, आल्याचा रस घेऊन. मी आत चहा टाकत होते. बाबांना बरं वाटावं म्हणून तिनं स्वतःच पट्टा गुंडाळला आणि हसत म्हणाली, चला डॉक्टरकाका, दवाखाना चालू करो. बाबांनी तिला सांगितलं की आता अंगठा ठेवावा लागतो. तिनं ठेवला. आणि आपल्या घरात, मी स्वयंपाकघरात असताना, बाहेरच्या खोलीतून माझा आवाज मासीला म्हणाला की हे मशीन तुमच्यासाठी नाही. मी पातेलं हातात घेऊन बाहेर आले, तोवर मासीनं पट्टा काढून नीट घडी करून स्टुलावर ठेवला होता. ती लग्न होऊन या गल्लीत आली तेव्हा तिला चुलीवरची पोळी तू शिकवलीस, मी तिच्या मांडीवर झोपलेय. ती चिडली नाही. “सारुं छे,” म्हणाली, आता काकांचं बरोबर राहील. चहा अर्धा ठेवून गेली.

नंतर कोणी आलं नाही. आले तरी दारातूनच, कसं आहे, बरं आहे, बस. ओटला झाडून स्वच्छ, एकही चप्पल नाही. आकडे मात्र बघण्यासारखे, सरळ शांत रेषा. ऑफिसात ती पडद्यावर दाखवली गेली आणि साहेबांनी माझं नाव घेतलं. बाबा कवायतीला उभे राहिल्यासारखे सकाळी अंगठा ठेवतात, माप देतात आणि मग भिंतीकडे तोंड करून पडतात. इकडे आड, तिकडे विहीर. मी औषधांच्या दुकानातून साधं मशीन आणलं, कुठेही आकडे न पाठवणारं, आणि ओटल्यावरच्या स्टुलावर मांडून ठेवलं. म्हटलं, बाबा, हे सगळ्यांसाठी. धूळ बसायला लागली म्हणून मीच त्यावर रुमाल टाकला. मला खरंच समजेना. मशीन आहे, बाबा आहेत, मग लोक का येत नाहीत? तू असतीस तर कपाळावर हात मारून घेतला असतास.

एका रविवारी संध्याकाळी मी बाबांचे पाय चेपत होते. सूज नव्हती. मी कौतुकानं म्हटलं, बघा, पाय किती छान उतरलेत. बाबा म्हणाले, “हो. आकडे बरोबर येतात ना? मग झालं.” मी म्हटलं, साधं मशीन ठेवलंय ना बाहेर, बोलवा की मासीला. तेव्हा त्यांनी पाय काढून घेतला. म्हणाले, “मशीनचं काय घेऊन बसलीस? तू तिला उंबऱ्यावरून परत पाठवलंस. तुझ्या तोंडानं.” बाहेर कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती. मग भिंतीकडे बघत ते म्हणाले, “माझ्या वेळी तुझी आई ऑफिसात आली होती किल्ली मागायला. तुझ्याकडे कोण येणार?”

म्हणजे चुकून नेली नव्हती, आई. इतक्या वर्षांनी ते असं निघालं, आणि त्यांनाही ते कळलं असावं, कारण त्यांनी चादर तोंडावर ओढून घेतली.

मी खूप विचार केला, ढोकळा घेऊन जाऊ का, सॉरी म्हणू का, ते वाक्य बदलून घेतलंय असं सांगू का. ते बदलायचं मी साहेबांकडे टाकलंय, होईल तेव्हा होईल. पण हातात काही घेऊन गेले असते, तर मासीनं ते ठेवून घेऊन डबा भरून परत पाठवला असता आणि हिशेब पुरा झाला असता. मग मला तुझी रीत आठवली. सोसायटीत कुणाशी बिनसलं की तू समजूत घालायला जायची नाहीस. वाटी घेऊन विरजण मागायला जायचीस. एकदा मी म्हटलं होतं की आई, फ्रिजमध्ये दही आहे की, तर तू डोळे वटारलेस. म्हणालीस, रुसलेल्या माणसाला द्यायला जाऊ नये, त्याच्याकडे मागावं, देणाऱ्याचा हात वर राहतो. दिवेलागणीनंतर दही कुणी देत नाही, तेव्हा ऊन असतानाच जायचं, हेही तूच सांगितलं होतंस.

काल मी ऑफिसातून लवकर निघाले. वाटी पदराआड धरावी तर मी ड्रेस घातलेला, ती तशीच हातात घेऊन गल्ली ओलांडली. एवढीशी गल्ली, पण चालताना मी ते एक वाक्य मनात घोकत होते. मोठ्या मोठ्या डॉक्टरांसमोर यंत्र मांडतानाही मी असं घोकत नाही. मासी रोटली शेकत होती. मी दारातूनच म्हटलं, “मासी, मेळवण छे?” तिनं गॅस मंद केला, माझ्याकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं. मग फ्रिजमधून दह्याचं भांडं काढून चमचाभर घालताना, माझ्याकडे न बघता म्हणाली, “तारी मम्मी पण आम ज आवती. घरमां दही होय, तोये आवती.” घरात दही असूनही तू जायचीस, ते कुणाला कळत नाही असं तुला वाटत होतं ना? त्यांना सगळं माहीत होतं, आणि तरी त्या तुझी वाटी भरत होत्या. मला तिथंच रडू आलं असतं. मी म्हटलं, “नाही मासी, आमचं खरंच संपलंय.” तिनं मान हलवली, वाटी माझ्या हातात दिली आणि विचारलं की काका सकाळी किती वाजता उठतात. समोरच्या घरात जन्म काढलाय तिनं. बाबांचं खाकरणं ऐकून ती दूध तापवते.

आज सकाळी मी बसमध्ये असताना फोन वाजला. वजन थोडं वर. थोडंच, पण वर. घरी फोन केला, बाबा उचलेनात. मी मासीला लावला. मागे माणसांचे आवाज येत होते. मासी म्हणाली, काका आत्ता बोलू शकत नाहीत, साध्या मशीनवर भाजीवालीचं प्रेशर जुए छे. कपबश्यांचा आवाज आला. म्हणजे चहा झाला होता, बहुतेक दोनदा, आणि बाबांना पाणी मोजून प्यायचं असतं. मागून बाबांचा आवाज ऐकू आला, “बोलायचं नाही, पाय जमिनीवर.” चहा देऊ नका, असं सांगायला मी तोंड उघडलं होतं. मग म्हटलं, ठीक आहे मासी, मी नंतर करते. दिवसभर फोन टेबलावर उताणा पडलाय आणि मी त्याच्याकडे बघतेय. उद्या वजन उतरलं तर मी बरोबर होते, चढलं तर नव्हते, आणि ते उद्या सकाळपर्यंत मला कळणार नाही. काहीही सुटलेलं नाही, आई. फक्त ओटल्यावर चपला आहेत.

कंपनीची बस लागली आहे, खालून हॉर्न ऐकू येतोय. हे मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर लिहिलंय आणि उठताना पुसून टाकणार आहे, कारण तुला पाठवायला पत्ता नाही आणि इथे कुणी वाचावं असं यात काही नाही. एवढंच राहिलं. काल मासीकडून परत आले, वाटी ठेवायला फ्रिज उघडला, आणि समोरच दही होतं. परवा मीच लावलेलं, भांडंभर.